बशीरला पोहायचं होतं

पौष संपत आला होता. अमरावतीच्या घराच्या गच्चीवर सकाळच्या उन्हाला पाठ देऊन मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा इम्रानचा फोन आला. इम्रान म्हणजे बशीरचा मुलगा. तो मला कधी फोन करत नाही, त्यामुळे त्याचं नाव दिसलं तेव्हाच मी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. “काका,” तो म्हणाला, “अब्बा गेले. फजरची नमाज पढून ओट्यावर बसले होते. अम्मी चहा आणाले आत गेली, बाहेर आली तं...” त्याच आठवड्यात बशीरने मला फोनवर, माझं एक न ऐकता, यथेच्छ शिव्या दिल्या होत्या. मी गावाकडे फिरकत नाही, शहरात राहून माझी हाडं भुसभुशीत झाली, एक दिवस गच्चीवरच वाळून पडशील लेका, असं बरंच काही. वाळून पडायचं मी, आणि गेला तो.

चांदूर बाजारची बस धरून कारंजखेडला पोचलो तोवर जनाजा निघायची वेळ झाली होती. आमच्या गावचं कबरस्तान नदीच्या काठावरच्या उंचवट्यावर आहे. गावातला माणूस तर झाडून आलेला होताच, पण वर मेळघाटच्या डोंगरातून एक पिकअप भरून कोरकू मंडळी आली होती आणि लिंबाखाली गप्प उभी होती. बायका रिवाजाप्रमाणे कबरस्तानात आल्या नाहीत, पण नदीपलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डोईवरचे पदर सावरत, सगळ्या जातीधर्माच्या बाया ओळीने उभ्या होत्या. परगावचा कुणी पाहुणा माझ्या शेजारी होता. त्याने हळूच विचारलं, “कोनी मोठा मानूस होता का जी?” मी म्हणालो, “नाही हो. संत्र्याचा दलाल होता.” तो आणखीच बुचकळ्यात पडला.

बशीर दलाल होता, बागायतदार होता, आणि अत्यंत तापट होता. मिशीला तूप लावायचा. कुणाच्या बगिच्यात संत्र्याची छाटणी चुकली तर मालकाला त्याच्याच झाडाखाली उभं करून झाडायचा. त्याला संत म्हटलेलं अजिबात खपलं नसतं, आणि म्हणून मीही इथे तसं काही लिहिणार नाही. पण आमची नदी आज जी काही उरली आहे, ती त्याच्या हट्टामुळे उरली आहे, आणि त्या हट्टापायी त्याचं काय गेलं हे मी जवळून पाहिलं आहे. ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

नदीचं नाव गुंजी. तिच्या काठच्या झुडपांवर गुंजांचे वेल पसरलेले असत, शेंगा तडकल्या की लाल-काळे मणी वाळूत सांडत. मेळघाटच्या उतारावरून ती उतरते, आमच्या गावाला वळसा घालते आणि पुढे पूर्णेला मिळते. गावाच्या वरच्या अंगाला तिच्या वळणावर काळा खडक आहे, बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखा. त्याच्या पायथ्याशी हत्तीडोह. दोन्ही काठांवर पांढऱ्या खोडांचे अर्जुनसादडे, त्यांच्या मुळ्या पाण्यात उतरलेल्या, आणि पाणी इतकं नितळ की तळातली वाळू हलताना दिसे. खंड्या सूर मारून वर आला की त्याच्या चोचीतला मासा काठावरून दिसायचा. आसपासच्या गावांतून माणसं डबे बांधून तिथे दिवस घालवायला येत.

आम्हाला मात्र तो डोह दुरूनच ठाऊक होता. आमच्या वस्तीचा घाट खालच्या अंगाला. बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा मी पाळण्यात होतो. माझ्या वडिलांनी घरातले देव पोत्यात भरून काढले, माझं नाव गौतम ठेवलं, पण वरचं पाणी कुणाचं आणि खालचं कुणाचं ही जुनी सवय गावातून लवकर गेली नाही. वडिलांनी जन्मभर हत्तीडोहात पाय घातला नाही. बशीर माझ्या वर्गात. एका दुपारी शाळा सुटल्यावर त्याने माझा हात धरला आणि सरळ वर ओढत नेलं. मी काचकूच करायला लागलो तर म्हणाला, “पानी काय जात इचारते का बे, गोतम्या? चाल.” पोटाखाली हात धरून त्याने मला पाण्यावर आडवं केलं आणि मी हातपाय मारायला लागलो तसा हात काढून घेतला. मी नाकातोंडात पाणी जाऊन ओरडलो. खडकावर गावची दोन-तीन वडीलधारी माणसं बसली होती, त्यातल्या एकाने तोंड वाकडं करून काहीतरी पुटपुटलं. बशीरने पाण्यातूनच हाक दिली, “काका, तुमी पन या ना! पानी गंज हाय, समद्याइले पुरते!” त्या माणसाला हसू आलं की राग, ते मला आजही सांगता येणार नाही. पण तो उठून गेला, आणि आम्ही पाण्यात राहिलो. त्यानंतर आमच्या वस्तीतली अर्धी पोरं बशीरनेच पोहायला शिकवली.

पुढे मी शिकलो, अमरावतीच्या एका शाळेत भूगोलाचा मास्तर झालो. बशीरने वडिलांचा संत्र्याचा बगीचा सांभाळला, वाढवला. हत्तीडोहाच्या जरा खाली, काठाला लागूनच त्याचं वावर. त्यातली बरीचशी झाडं लग्न होऊन आल्यावर जुबेदाभाभींनी त्याच्यासोबत खड्डे भरून लावलेली होती. आंबिया बहार धरला की फुलांचा वास नदीपलीकडे जायचा. ट्रक कलकत्त्यापर्यंत जात. त्याच भरात त्याने वावरात बोअर मारली, गावातली पहिली. पाणी फवाऱ्यासारखं उडालं तेव्हा त्याने गावाला पेढे वाटले आणि मला मुद्दाम बोलावून दाखवलं. मीही कौतुकाने पाहिलं. मग दुसऱ्याने मारली, तिसऱ्याने मारली, बशीरनेच आणखी एक मारली. सगळ्या पट्ट्यात तेच चाललं होतं. पाणी खाली खाली जात होतं आणि बोअर त्याच्या मागे मागे.

नदी एकदम गेली नाही. आधी ती उन्हाळ्यात तुटायची, मग होळीला, मग संक्रांतीलाच तिचे तुकडे पडायला लागले. उरलेल्या वाळूवर ट्रॅक्टर आले. तालुक्याच्या गावी घरं वाढत होती, वाळू तिकडे जात होती. हत्तीडोहाचा तळ उघडा पडला, खड्ड्यात हिरवं शेवाळलेलं डबकं आणि त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. कापसाच्या पट्ट्यातून रोज सकाळी पेपरात वाईट बातम्या येण्याची ती वर्षं होती. माणसांचंच काही खरं नव्हतं, तिथे नदीचं दुःख कोण करणार...

बशीरने केलं, आणि त्याचं कारण अगदी स्वार्थी होतं. एका मे महिन्यात तो कामासाठी अमरावतीला आला, माझ्याकडे उतरला, आणि उकाड्याने हैराण होऊन म्हणाला, पोहायला जाऊ. मी त्याला शहरातल्या पोहण्याच्या तलावावर घेऊन गेलो. तिथे आधी त्याला रबरी टोपी घालायला लावली. ती टोपी घातलेला बशीर, तुपाच्या मिशीसकट, मी विसरणार नाही. त्याने काठावरून नदीत मारतात तशी धप्पदिशी उडी मारली, चार बायांच्या अंगावर पाणी उडालं, आणि देखरेखीवरच्या माणसाने शिट्टी फुंकली. “चाचा, उडी मारायची नाही. एका रांगेत पोहा.” बशीर पाण्याबाहेर आला तो तडक निघाला. घरी येऊन खाटेवर बसला, दोन्ही हात नाकाशी नेऊन हुंगले आणि म्हणाला, “गोतम्या, पान्याले दवाखान्याचा वास येऊन राहिला बे.” मग थोड्या वेळाने, “आपला डोह वापस आनाचा.” मी हसलो. तो हसला नाही.

मला उन्हाळ्याची सुट्टी आहे हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, “तू भूगोलाचा मास्तर ना? मंग सांग, नदी कुठून येते थे.” मी नकाशा काढला. तो म्हणाला, कागद ठेव, पायी जाऊ. आणि आम्ही खरोखरच गावी जाऊन कोरड्या पात्रातून वर चालत निघालो, पन्नाशीच्या घरातले दोघे बाप्ये, पाण्याच्या बाटल्या आणि भाकरी-ठेचा बांधून. वाटेत मी त्याला माझ्या वर्गात शिकवायचो ते सगळं सांगत गेलो. पावसाचं पाणी उतारावर थांबलं तरच ते जमिनीत मुरतं, मुरलं तरच ते झऱ्यातून महिनोन्महिने नदीला मिळतं. तो ऐकत होता, मध्येच एखाद्या वाळलेल्या ओढ्याच्या तोंडाशी थांबून “इथून यायचं ना पानी?” असं विचारत होता. डोंगरात पोचलो तेव्हा उतार बोडके दिसले. गवताचं पातं नाही, माती वाहून दगड वर आलेले.

तिथल्या कोरकू गावात सोमाजी नावाचे जाणते गृहस्थ होते. बशीरने त्यांना आपला बेत सांगितला, उतारावर आडवे चर खणू, ओढ्यांना दगडाचे बांध घालू. सोमाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “पानी तुमच्या संत्र्याले पायजे, आन चर आमी खंदाचे का?” ते म्हणाले. “तुमच्याच गावची ढोरं दरसाल इकडे येते. आमचं गवत त्याइनं खाल्लं.” बशीरच्या तापट स्वभावाची मला धास्ती वाटत होती. पण तो एवढंच म्हणाला, “बरोबर हाय तुमचं.” परत येताना सगळी वाट तो तेच घोकत होता. आणि त्या पावसाळ्याआधी कारंजखेडचे लोक फावडी-टिकास घेऊन वर चर खणायला गेले, सोमाजींचे लोक त्यांच्यासोबत लागले, आणि गावची ढोरं त्या उतारावर सोडायची नाहीत असं ठरलं. हे दोन ओळीत लिहून झालं, पण ते ठरवायला बशीरला पानठेल्यापासून देवळाच्या पारापर्यंत किती भांडणं करावी लागली, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

खरी मदत झाली ती सरपंच सुशीलाबाईंची. त्या बचत गटाच्या बाया घेऊन उभ्या राहिल्या नसत्या तर बशीर एकटाच ओरडत राहिला असता. वाळूच्या ट्रॅक्टरांशी सामना झाला तेव्हाची गोष्ट गावात अजून हसत सांगतात. नदीत उतरायच्या वाटेवर बशीरने भर दुपारी आपली बाज आडवी टाकली आणि तोंडावर दुपट्टा घेऊन झोपला. ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर ओळखीतलाच. “चाचा, उठा ना जी.” दुपट्ट्याखालून आवाज, “झोपू दे बेटा, मले बीपी हाय.” मालकाचा फोन आला, मालक स्वतः आला, धमक्या झाल्या, एकाने बाजेचा पाय धरून ओढला. तेवढ्यात सुशीलाबाई बायांना घेऊन आल्या आणि बाजेभोवती बसकण मारून वाती वळायला लागल्या. कुणी घोषणा दिली नाही. संध्याकाळपर्यंत वाती वळणं चालू होतं. ट्रॅक्टर परत गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले, आणि शेवटी त्यांनी दुसरीकडची वाट धरली. ती दुसरी वाट म्हणजे दुसऱ्या गावची नदी होती, हे बशीरला पुढे फार लागलं. पण त्याला तो काही करू शकला नाही.

मग आली ग्रामसभा. पाणी मुरवून काय उपयोग, काठच्या बोअरा ते वरच्यावर ओढून घेणार असतील तर? बशीरने उभं राहून सांगितलं, नदीच्या काठाला लागून असलेल्या वावरांत यापुढे बोअर मारायची नाही. सभेत कुजबुज झाली. पुंडलिकराव नावाचे बशीरचे धुऱ्याला धुरा लागलेले शेजारी उठले. सज्जन माणूस, पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला. “नवी नाई मारत, बशीरभाऊ. पन तुह्या बगिच्यात दोन हायेत, त्याइचं काय?” सगळी सभा बशीरकडे पाहायला लागली. मीही पाहत होतो. त्याने मिशीवरून हात फिरवला. “बंद करतो,” तो म्हणाला. “मोटर काढून टाकतो. माही जुनी हीर हाय, तिच्यावर भागवतो.” मागे बसलेला इम्रान, तेव्हा विशी-बाविशीतला, ताडकन उठून बाहेर निघून गेला. बशीरने शब्द दिल्यावर मग पुंडलिकरावांनी दिला, त्यांच्यामागे बाकीच्यांनी.

दोन पावसाळे बरे गेले. विहिरीवर बगीचा तगला. आणि मग तो उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस पाठ फिरवून गेला होता. फाल्गुनातच विहिरीचा तळ दिसला. संत्र्याची पानं आधी वळतात, मग पिवळी पडतात, मग शेंड्याकडून फांदी वाळत खाली येते. इम्रान रोज बापाशी भांडत होता. बंद केलेल्या बोअरमध्ये पाणी होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुशीलाबाई स्वतः घरी आल्या, मी तिथे होतो. त्या म्हणाल्या, “भाऊ, एक उन्हाळा उघडा. गावात कोनी काई म्हननार नाई, मी सांगते ना.” पुंडलिकरावही मान हलवत होते, त्यांचं वावर जरा उंचावर, त्यांची विहीर खोल, त्यांचं कसंबसं भागत होतं. बशीर म्हणाला, “मी उघडली का समदे उघडतीन, बाई. आन त्याइले मी कोन्या तोंडानं म्हनू, का नोका उघडू?” जुबेदाभाभी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या. मला त्या दिवशी वाटलं होतं, आजही वाटतं, की त्यांना एकदा विचारायला हवं होतं. झाडं त्यांचीही होती.

टँकरने जेवढं घालता आलं तेवढं पाणी घातलं. पुरलं नाही. ज्येष्ठात आरा लावला. मी गेलो तेव्हा निम्मा बगीचा आडवा झाला होता. वाळलेल्या संत्र्याच्या लाकडाला आरा लागला की त्यातूनही एक आंबटगोड वास येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. बशीर धुऱ्यावर पाठमोरा बसला होता. इम्रान स्वतः आरा ओढत होता, मजूर असूनही. शेवटची रांग झाली तेव्हा तो घामाने निथळत बापासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “तुमाले नदी पायजे होती ना अब्बा? घ्या नदी.” त्या आठवड्यात तो अकोल्याला निघून गेला. तिथे एका बॅटरीच्या दुकानात लागला, पुढे स्वतःचं दुकान टाकलं, लग्न केलं, तिथलाच झाला. ईदला यायचा, एक दिवस राहायचा. बापलेक बोलायचे ते पावसाबद्दल आणि बसच्या वेळांबद्दल.

नदी आली, पण तीही एकदम आली नाही. वरचे चर भरायला लागले, उतारावर गवत धरलं, मग झुडपं. एका वर्षी होळीला डोहात गुडघाभर पाणी होतं तर गाव बघायला लोटलं. पुढच्या काही वर्षांत पाणी चैत्र ओलांडून टिकायला लागलं. मे महिन्यात पात्र आजही तुटतं, ते मी लपवत नाही. पण हत्तीडोह आटत नाही. खंड्या परत आला. काठच्या विहिरींना पाझर फुटले, पुंडलिकरावांचा बगीचा असा बहरला की चांदूर बाजारच्या मंडीत त्यांच्या फळाचं नाव झालं. आणि डोहात पुरुषभर पाणी झालं तेव्हा साठी उलटलेला बशीर पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून हत्तीच्या पाठीवर चढला. सगळं गाव काठावर. जुबेदाभाभी ओरडत होत्या, “या बुढ्याला कुणी खाली उतरवा!” त्याने उडी मारली. बराच वेळ वर आला नाही, काठावर शांतता पसरली, आणि मग तो पार पलीकडच्या सादड्याच्या मुळीशी डोकं बाहेर काढून हसायला लागला. तसा हसताना मी त्याला त्या आरा लावल्याच्या उन्हाळ्यानंतर प्रथमच पाहिला.

त्याच्या स्वतःच्या वावरात मात्र त्याने परत संत्रं लावलं नाही. तूर पेरायचा, कधी हरभरा. बहराच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बगिच्यातून हात मागे बांधून फिरायचा आणि छाटणीवरून मालकांना शिव्या घालायचा. एकदा डोहाच्या काठी आम्ही दोघेच बसलो होतो, तेव्हा मी विचारलं, “बशीर, बगीचा गेल्याचं वाईट वाटतं का रे?” मला वाटलं तो उडवून लावेल. तो म्हणाला, “वाटते ना. रोज वाटते. इम्रानचं तं त्याहून वाटते.” त्याने एक खडा पाण्यात टाकला. “पन परत तशीच येळ आली, तं मी काय करीन, मले मालूम हाय. थेच करीन. म्हनून तं त्याले समजावता येत नाई मले.”

आता शेवटची हकीकत सांगतो, जी बशीरने पाहिली नाही. चाळिसाव्याला, म्हणजे चेहलमला, मी पुन्हा गावी गेलो. दुपारी अंगणात फातेहा झाली, पंगत बसायच्या बेतात होती. तेवढ्यात सुशीलाबाई लगबगीने आल्या. आता त्या सरपंच नाहीत, पायही दुखतात. म्हणाल्या, पुंडलिकरावाच्या वावरात बोअरची मशीन आली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गेल्या वर्षीचा पाऊस कमी झाला होता, बगिच्यांना ताण बसला होता, आणि ग्रामसभेचा ठराव कागदावर आहे खरा, पण त्याला दात कुठले? त्याला जे काही वजन होतं ते बशीरचं होतं. आणि बशीर मातीआड गेला होता. कोण जाणार, काय सांगणार?

इम्रान उठला. डोक्यावरची टोपी तशीच ठेवून तो चालायला लागला. मी आणि आणखी चार जण त्याच्या मागे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, की हा आता म्हणेल, मारा बोअर, माह्या बापानं काय मिळवलं ते आमी पाह्यलं. मशीन धुऱ्याशी उभी होती, पाइप उतरवणं चालू होतं. पुंडलिकराव आम्हाला पाहून ओशाळले. “इमू, बाबू, नाराज नोको होऊ,” ते म्हणाले. “भाऊ होते तवर मी गप राह्यलो. पन झाडं वाळून राहिले रे. तुले तं मालूम हाय ना, झाडं वाळतात तं काय होते थे.”

“मले मालूम हाय,” इम्रान म्हणाला. “मीच कापले ना.” मग तो त्यांच्या धुऱ्यापलीकडे, आपल्या वावराकडे हात करून उभा राहिला. तिथे कापलेली तूर पडली होती आणि मधून मधून मातीत जुने बुंधे अजून दिसत होते. “काका, मी अब्बाले कधीच म्हटलं नाई का तुमी बरोबर केलं. आजबी म्हनत नाई. पन ह्या वावरात आमचा बगीचा होता. अम्मीनं लावला होता. थो ह्याच्यासाठी गेला, का तुमी समदे बोअर मारनार नाई. तुमी आज मारसान, तं मंग थो बगीचा कायच्यासाठी गेला, थे मले सांगा. सांगा ना. मी अम्मीले काय सांगू घरी जाऊन?”

मशीनवाल्याने विचारलं, “मालक, सुरू करू का?” पुंडलिकराव त्या बुंध्यांकडे पाहत होते. मग डोक्यावरचं उपरणं काढून तोंड पुसलं आणि मशीनवाल्याला हातानेच, राहू दे, अशी खूण केली. इम्रान पुढे झाला. “माह्या अब्बाच्या हिरीले पानी हाय. तुरीले आता लागत नाई. पाइप टाकू इकडून, तुमच्या बगिच्याले घ्या,” तो म्हणाला. पुंडलिकरावांनी त्याचा हात हातात घेतला. मशीन मागे वळून रस्त्याला लागेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

घरी आलो तेव्हा पंगत ताटकळली होती. जुबेदाभाभी सैपाकघराच्या दाराशी, आमच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. “मशीन गेली क्या?” त्यांनी ओरडून विचारलं. “गई, अम्मी! वापस गई!” इम्रान तेवढ्याच मोठ्याने ओरडला. त्याची बायको आतून ओरडली, ताटं वाढू का? भाभी ओरडल्या, हो, वाढ. मी चमकून पाहिलं. भांडण चाललंय असं परक्याला वाटलं असतं. मग लक्षात आलं. जन्मभर डोहात बुड्या मारून बशीरचे दोन्ही कान अखेरच्या वर्षांत पार गेले होते. त्याला ऐकू जावं म्हणून या घरात सगळ्यांना ओरडून बोलायची सवय लागली होती, अकोल्याहून सणाला येणाऱ्या सुनेलासुद्धा. कुणाच्याही ते ध्यानात नव्हतं.

“भाईसाब, बैठो ना!” भाभी माझ्या कानाशी ओरडल्या. “खाना ठंडा हो रहा!”

“बसतो, भाभी!” मीही ओरडलो, आणि पाट ओढला.